पुरलेल्या कोकराची हकिगत

अझमूर, मोहरम, आशूराच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवार, भर दुपारी

मानाने आणि वयानेही मोठ्या तामू वन्सं यांना यामनाचा सलाम, आणि तुमच्या उजव्या हाताचा मुका. तब्येत बरी आहे ना? कंबर? गुडघे? दंडावरची ती गाठ वाढली की तेवढीच आहे? तिकडे स्पेनात वेल्वाच्या स्ट्रॉबेरीच्या मळ्यांतलं ऊन सोसतं ना? तुमच्या खोलीतल्या अकराही बायकांना माझा सलाम (त्या बेनी मेल्लालच्या घोरणारीला सोडून, तिने मागच्या वर्षी माझं खिमट हसण्यावारी नेलं होतं). आम्ही इकडे अल्लाहच्या कृपेने खुशाल आहोत. हे खोटं आहे, पण पत्राची सुरुवात अशीच करायची असते असं मशिदीतल्या साक्षरता वर्गाच्या बाईंनी शिकवलंय, आणि मी त्या वर्गात दोनच हिवाळे बसले, तेव्हा जेवढं शिकवलं तेवढं वापरून टाकते. अक्षर लागलं नाही तर पुन्हा वाचा. तुम्ही पाचवी झालेल्या, दर ईदला ऐकवता ना.

आता तुम्ही म्हणाल, फोन असताना हिला पत्राचं काय सुचलं. वन्सं, तुम्ही फोन कानाला लावत नाही. हातभर लांब धरून, आवाज मोठा करून बोलता, आणि मी इथे शिंकले तर तिथे बारा बायका ‘अल्लाह रहम करो’ म्हणतात. त्या बारांतली एक माझी लेक सलवा आहे, आणि हे तिच्या कानावर जाता कामा नये. म्हणून पत्र. बसवाला सी अल्लाल आज संध्याकाळी निघतो, उद्या दुपारपर्यंत तुमच्या गेटाशी येईल. पाकिटाला मी पिठाची खळ लावलीय, फोडलेलं दिसलं तर त्याला माझ्या नावाने दोन शिव्या द्या.

तर ते कोकरू. सलवाने एप्रिलात पाठवलेलं ते पांढरं खेळण्यातलं कोकरू, तुम्हीच दुकानात सोबत गेला होता, त्यामुळे अर्धा दोष तुमचाही आहे. त्याच्या पोटात म्हणे डबी आहे आणि ती डबी माझ्या मोबाईलशी बोलते, माझा मोबाईल सलवाच्या मोबाईलशी बोलतो. पोराने कोकराला पोटाशी आवळलं की इथे माझ्या फोनवर आणि तिथे सलवाच्या फोनवर एकाच वेळी लाल बदाम उमटतो. त्याच्या तोंडात सोबतची लाकडाची बाटली धरली की फोनमधलं कोकरू दूध पितं. फोन दहा पावलांच्या आत आला आणि ते उपाशी असलं तर दोघंही ओरडतात, में. (मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातला पिठाचा गोळा भिंतीला लागला. डाग अजून आहे.) आमच्या लहानपणी बोरूच्या काडीला चिंधी गुंडाळली की बाहुली व्हायची. तिला भूक लागायची नाही आणि तिची बॅटरीही उतरायची नाही.

पण मी तोंड मिटून होते, कारण सलवाच्या हिबाचं तुम्हाला माहीतच आहे. आई फेब्रुवारीत बसमध्ये बसली त्या दिवसापासून पोरगी फोनवर येत नाही. पडद्यावर सलवाचं तोंड दिसलं की ही टेबलाखाली. मी पाय धरून ओढते, ती टेबलाचा पाय धरते, तिकडे सलवा ‘हिबा, माझ्या जिवा’ करत टेबलाची खालची बाजू बघत बसते. सहा वर्षांची पोर, पण हट्ट तुमच्या भावाचा, म्हणजे तुमच्या घराण्याचा. ते कोकरू आलं आणि सगळं निवलं. रोज तिसऱ्या प्रहरी अस्रची बांग झाली की बदाम. एक दिवस खाडा नाही. सलवा काम आटोपून हात धुते, फोन उघडते, बदाम बघते आणि मगच जेवते, हे तुम्हीच मला सांगितलंत. माझ्या शब्दावर तिचा विश्वास नाही, कारण मागच्या हंगामात पोरीला गोवर निघाला होता आणि मी फोनवर ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. (आता काय सांगू? ती तिथे, मी इथे, गोवर मध्ये. सांगून गोवर उतरतो का?) तेव्हापासून तिचा विश्वास फक्त बदामावर.

आणि मंगळवारी तो बदाम उमटला नाही. बुधवारी उमटला नाही. काल तिचा निरोप आला, आवाज असा की मी तवा खाली उतरवला. म्हणाली, ‘आई, उद्या, फार तर परवा. शुक्रवारच्या संध्याकाळपर्यंत दिसलं नाही तर मी शनिवारी सकाळच्या बसमध्ये बसते. मला काही समजावू नकोस.’ वन्सं, हंगाम संपायला तीन आठवडे उरलेत. अर्ध्यातून निघून आलेलीचं नाव पुढच्या वर्षीच्या यादीत येत नाही, हे मला तुम्हीच सांगितलंत, आणि तिचं नाव त्या यादीत घालायला तुम्ही किती जणांची मनधरणी केलीत तेही (सतरा वेळा) सांगितलंत. नवऱ्याने टाकलेली बाई, वर नाव कापलेलं, मग काय माझ्याशेजारी बसून विकायच्या पोळ्या थापेल? माझ्याशेजारी जागा नाही.

कोकरू कुठे गेलं ते आता ऐका. या वर्षी गल्लीतल्या मुलींच्या बाबा आशूराचं, म्हणजे त्या लुटुपुटीच्या मयताचं, हाड द्यायची पाळी हिबाची होती. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही स्वतः केस मोकळे सोडून पुढे, आणि आम्ही मागून छाती बडवत. ईदच्या मेंढ्याचं हाड जपायचं, आशूराच्या आदल्या दिवशी त्याला कफन घालायचं, रडत-ओरडत पुरायचं. हिबाने महिनाभर ते हाड कपाटात कापडात गुंडाळून ठेवलं होतं. मंगळवारी काढायला गेली तर नाही. मांजराने नेलं असणार. पोरगी पांढरीफटक. खाटकाची इक्राम त्यांची म्होरकी, नऊ वर्षांची आहे पण हुकूम वस्तीच्या सरकारी मुकद्दमापेक्षा जास्त. तिच्या बापाच्या दुकानात हाडांचा ढीग, पण नाही, हाड ज्याच्या पाळीचं त्याच्याच मेंढ्याचं पाहिजे. ‘हाड नाही तर तू रडायचं नाहीस,’ म्हणे, ‘घरी बस, आजीला पोळ्या लाटू लाग.’ यावर आमच्या बाईसाहेबांनी काय करावं? आत जाऊन कोकरू आणलं. म्हणाली, ‘हा आमचा मेंढा. हाड आत आहे, दाबून बघ.’ इक्रामने पोट दाबलं. डबी लागली. कडक. पोरींची खात्री पटली.

हे मला नंतर कळलं. मी त्या वेळी तव्यापाशी होते, समोरून वीस पोरी टिमक्या वाजवत, ऊर बडवत गेल्या, मी वर कौतुकाने म्हटलं, छान रडताय गं! त्या पुढच्या पाटीवर पांढरं गाठोडं होतं तो माझा डोक्याला बांधायचा नवा रेशमी रुमाल होता हेही मला दिसलं नाही. अस्र झाली, मी आत गेले, कोकरू नाही, रुमालही नाही, तेव्हा ते पाटीवरचं गाठोडं आठवलं. हिबाला विचारलं. गप्प. रागावले. गप्प. बदाम-पिस्ते दाखवले, खाल्ले आणि गप्प. बाबा आशूर कुठे पुरला ते मोठ्यांना सांगितलं तर सांगणारीचे केस गळतात, हा नियम. मी म्हटलं तुझे केस मीच उपटते. तरी गप्प. वीसच्या वीस पोरी गप्प. पोलिसांना असे साक्षीदार मिळाले तर नोकऱ्या सोडतील.

मग काल, ऐन आशूराला, मी फोन हातात घेऊन कबरस्तानात गेले. दक्षिणेच्या भिंतीकडेच पुरतात, आपणही तिकडेच पुरायचो. पण काल तिथे अख्खं अझमूर. जो तो आपल्या माणसाच्या कबरीवर पाणी ओततोय, अंजीर वाटतोय, दुआ पढतोय, आणि मी दिवा घेऊन निघाल्यासारखा फोन पुढे धरून कबरींमधून फिरतेय. लोक सलाम करतात, मी सलाम करते आणि पुढे सरकते. एकाने विचारलं, ‘लल्ला यामना, नवरा तर तिकडे उत्तरेला आहे ना?’ मी म्हटलं, ‘आहे तिथेच आहे, तो काही पळत नाही.’ (तुमच्या भावाची कबर मी आधी धुतली होती. पाण्याचे दोन डबे. हे लक्षात ठेवा.)

तिसऱ्या अंजिराच्या झाडाखाली फोन ओरडला, में. आणि जमिनीतून उत्तर आलं, में.

आता तिथे कोण असावं? खदूज. मेंढ्यांच्या दलालाची विधवा, नवऱ्याच्या कबरीवर वाकून पाणी ओतत होती. तिच्या हातातला डबा सुटला. फोन पुन्हा ओरडला, माती पुन्हा ओरडली. खदूज खालीच बसली आणि किंचाळली, ‘अगं बाई, भोगतोय! मी म्हणायचे, तराजूत अंगठा ठेवू नको, ठेवू नको! आता मेंढरं भोवती जमली!’ मी म्हटलं, ‘खदूज, गप्प बस, तो तुझा नवरा नाही, ते माझं कोकरू आहे.’ ती म्हणाली, ‘तुझ्याही मेंढ्यात खोट केली होती का त्याने?’ आता हिला काय समजावणार. चार बायका धावल्या, आठ पुरुष धावले, आणि मी, माझी अक्कल बघा, पदराखालून पोळ्या उलटायचं उलथनं काढलं आणि खणायला लागले.

वन्सं, तुम्ही शहाण्या आहात. आशूराचा दिवस, कबरस्तान, एकटी विधवा, लोखंडी उलथनं, आणि जमिनीतून काय निघालं? लाल दोऱ्याने बांधलेलं पांढरं गाठोडं. याहून पूर्ण करणी कुणी जन्मात पाहिली नसेल. एक जण म्हणाला, ‘हात लावू नका.’ दुसरी म्हणाली, ‘म्हणूनच माझ्या मुलीचं लग्न मोडलं.’ (तिची मुलगी तिच्यासारखीच बोलते म्हणून मोडलं.) कुणीतरी मुकद्दमाला बोलावलं. तो कागद-पेन घेऊन आला, टोपी काढली, पुसली, घातली. ‘लल्ला यामना, तुझ्या हातच्या पोळ्या मी पंधरा वर्षं खातोय. खरं सांग, पोळ्यांत काही घातलं होतंस का?’

‘तूप घातलं,’ मी म्हटलं. ‘फुकट खाणाऱ्यांना तेल.’

‘आणि यात काय आहे?’

‘सोडून बघ.’

सोडायला कुणी तयार नाही. मीच सोडलं. आत कोकरू, डोळ्यांत काजळ, चारही खुरांना मेंदी, कपाळावर केशराचं बोट. पोरींनी मयताची तयारी अशी केली होती की माझी कुणी करणार नाही. फोन जवळ होता. ते मुकद्दमाच्या तोंडाकडे बघून ओरडलं, में, आणि गर्दी भिंतीपर्यंत मागे गेली. मी फोनचा पडदा दाखवला, बाटली दाखवली, वेल्वा दाखवलं, सलवा, स्ट्रॉबेरी, सगळं सांगितलं. मुकद्दमाने अर्धा तास ऐकलं, कागदावर एक ओळ लिहिली, खोडली, मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, ‘असं कोकरू इकडे कुठे मिळतं का? माझा नातू पण फोनवर येत नाही.’

तो सुटला, मी सुटले, पण गल्ली सुटली नाही. आज सकाळपासून तव्यापाशी तीन गिऱ्हाइकं. एकाला पोळी हवी होती. दोघींना नवरा परत यावा म्हणून ताईत. मी म्हटलं नवरा परत आणणं माझ्या हातात असतं तर माझाच आणला नसता का? त्यावर एक म्हणते कशी, ‘बघा, म्हणजे करता येतं, पण करत नाही.’

आणि एवढं होऊन कोकरू मेलं. लोकांनी कबरींवर ओतलेलं पाणी सगळं उतारावरून तिकडेच मुरलं होतं. घरी आणलं तेव्हा में नाही, नळ गुरगुरल्यासारखं काहीतरी बोललं आणि गप्प झालं. भिजलेला फोन म्हणे तांदळात ठेवतात. मी कुसकुसच्या रव्यात ठेवलं, घरात तोच होता. सकाळी बघते तर रवा ओल ओढून फुगलेला, कोकरू त्यात मानेपर्यंत रुतलेलं. आता उन्हात, दोरीवर, कानांना चिमटे लावून वाळत घातलंय. अस्रला दाबून पाहीन. पण मला आतून वाटतंय, नाही व्हायचं.

म्हणून वन्सं, हात जोडून (लिहिताना जोडता येत नाहीत, पण मनात जोडलेत), उद्या हे पत्र मिळालं की शनिवारची बस चुकवा. काय वाटेल ते करा. तिला सांगा अझमूरमध्ये कुणाचेच बदाम उमटत नाहीत, मोबाईलचा खांब पडलाय. तिची बॅग तुमच्या खाटेखाली ओढा आणि वर बसा, तुम्ही बसलात की बॅग कुणाला निघणार नाही. आजारी पडा. तुम्ही आजारी छान पडता, माझ्या लग्नात पडला होता. पण तीन आठवडे तिला तिथे धरून ठेवा. पोरगी इथे बरी आहे, जेवते, खेळते, अंगाला ताप नाही, गोवर नाही. या वेळी हे खरं आहे.

सगळ्यांना सलाम. कमी-जास्त काही लिहिलं असेल तर ते उन्हाने लिहिलंय असं समजा.

तुमच्या भावाची बायको,
यामना

ता. क. मांजराचं मी लिहिलं ते खोडायला रबर नाही. मांजराने काही केलेलं नाही. ते हाड मीच फेकलं. महिनाभर कपाटात, जूनची उष्णता, घाण वास, मी कुणाला न विचारता खिडकीतून नदीकडे भिरकावलं. तुम्ही असतात तरी हेच केलं असतंत. हिबा अजून रोज मांजराकडे रागाने बघते. तिला मी सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

ता. क. दुसरा. सुरुवात केलीच आहे तर हेही. रोज अस्रला बदाम उमटायचा हे खरं. हिबा मिठी मारायची हे नऊच दिवस खरं. दहाव्या दिवशी तिला कंटाळा आला, ती गोट्या खेळायला गेली, आणि कोकरू कोपऱ्यात पडलं. मला वाटलं तिकडे सलवा उपाशी बसेल. मी दार लावलं आणि पोटाशी धरलं. बदाम उमटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. दोन महिने, वन्सं. हाताला पीठ असलं तर धुऊन. म्हणूनच पोरीने ते पुरायला इतक्या सहज दिलं, तोवर ते तिचं राहिलंच नव्हतं. सलवा जो बदाम बघून जेवते तो माझा आहे. तुम्हाला ठाऊक आहे, ती पाळण्यातून उतरल्यापासून मी तिला कधी जवळ घेतलेली नाही, आमच्याकडे ती पद्धतच नाही, आणि मला वेळ कुठे होता.

ता. क. तिसरा, घाईत, सी अल्लाल बाहेर हॉर्न वाजवतोय. आत्ता हे पाकीट चिकटवायला उठले तर सलवाचा फोन आला आणि हिबाने उचलला. स्वतः. टेबलाच्या वर बसून. मी दारात उलथनं घेऊन उभी. पोरीने आईला पहिलं वाक्य टाकलं, ‘कोकरू मेलं, आम्ही त्याला पुरलं, सगळ्यांत जास्त मी रडले.’ मग हिने सगळं सांगितलं, काजळ, मेंदी, इक्राम, कोण खोटं रडलं, कोण खरं. चार महिन्यांचं साठलेलं एका दमात. ‘मी तुझ्यासाठी पण त्यातच रडून घेतलं,’ म्हणाली. सलवा हसत होती की रडत होती मला दारातून कळलं नाही. मग तिने बदामांचं विचारलं असावं, कारण हिबा म्हणाली, ‘नाही, मी नाही. आजी मिठी मारायची. दार लावून. मी फटीतून बघायचे.’

यावर सलवा म्हणाली, आजीला फोन दे. आणि मी, वन्सं, मी मागच्या दाराने बाहेर गेले, तव्याखाली जाळ नसताना तव्यापाशी जाऊन बसले. पोरगी फोन घेऊन मागे आली, मी म्हटलं आजी घरात नाही म्हणून सांग. तिने तसंच सांगितलं, ‘आजी म्हणते आजी घरात नाही.’

ती शनिवारी बसमध्ये बसणार की नाही ते मी विचारू शकले नाही. आता फोन चार वेळा वाजला, मी उचललेला नाही. काय बोलू? तेव्हा वरचं सगळं, खांब, बॅग, आजारपण, राहू द्या. एवढंच करा. हे वाचून झालं की तिच्याकडे जा आणि माझ्यातर्फे तिला एकदा पोटाशी धरा. दिव्याखाली नको, सगळ्यांसमोर नको, लाजेल ती. का म्हणून विचारलंच तर सांगा, कमरेत चमक आली, पडत होते, म्हणून धरलं. आणि लगेच सोडू नका.